हसवणारी मालकीण : ल्युसिल बॉल

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा या म्हणीतला घराचा भाग आपण सर्व सभासदांनी हप्ते भरून अनुभवलेला आहे. लग्नाच्या भागाबद्दल ज्याने त्याने आपापलं ठरवावं! या स्मरणिकेसाठी मी एका अशा बाईचं चरित्र निवडलं आहे, जिने या दोन्ही गोष्टी जन्मभर केल्या, मोडताना पाहिल्या, आणि त्यातूनच जगाला पोट धरून हसवलं. तिचं नाव ल्युसिल बॉल. आपल्यातल्या ज्येष्ठांपैकी काहींनी तिला टीव्हीवर पाहिलं असेल. नातवंडांना ती मोबाइलवर सहज सापडेल.

तिची सर्वांत गाजलेली मालिका 'आय लव्ह ल्युसी'. ही मालिका घडते एका इमारतीत. न्यूयॉर्क शहर, पूर्व ६८वा रस्ता, इमारत क्रमांक ६२३. तिथे ल्युसी आणि तिचा वादक नवरा रिकी रिकार्डो भाड्याने राहतात. घरमालक फ्रेड मर्ट्झ आणि त्याची बायको एथेल त्याच इमारतीत राहतात आणि या दोघांचे जिवलग मित्र आहेत. दार न वाजवता आत येणं, उसनं मागणं, दुसऱ्याच्या भांडणात पडून आपलंच भांडण काढणं, हे सगळं तिथे चालतं. आपल्या जिन्यात जे चालतं तेच! गंमत म्हणजे असा पत्ता न्यूयॉर्कमध्ये नाहीच. त्या रस्त्यावर नंबर मोजत गेलात तर ६२३ क्रमांक नदीत येतो. पण सहा वर्षं कोट्यवधी अमेरिकन माणसं दर सोमवारी रात्री त्या न बांधलेल्या इमारतीत पाहुणी जात होती.

आता त्या इमारतीतल्या बाईची खरी घरं पाहू.

ल्युसिलचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावचा. हे गाव न्यूयॉर्क शहरापासून फार दूर, राज्याच्या पार पश्चिम टोकाला आहे. वडील टेलिफोन कंपनीत तारा ओढण्याचं काम करत. नोकरी फिरतीची, त्यामुळे कुटुंबही फिरतं. १९१५ मध्ये विषमज्वराने वडील गेले, तेव्हा ल्युसिल साडेतीन वर्षांची होती आणि आई पोटुशी होती. त्या दिवशी एक पक्षी घरात शिरून अडकला होता, एवढंच तिला पुढे आठवायचं. तेव्हापासून पक्ष्यांची धास्ती तिच्या मनात बसली ती कायमची. पक्ष्याचं चित्र टांगलेल्या खोलीत ती राहत नसे.

आई मुलांना घेऊन माहेरी आली. जेम्सटाउनजवळ सेलोरॉन नावाचं तळ्याकाठचं खेडं आहे, तिथे आजोबा फ्रेड हंट यांचं घर होतं. आजोबा लाकूडकाम करणारे कारागीर, फर्निचरच्या कारखान्यात कामाला, आणि विचाराने पक्के समाजवादी. नातवंडांना ते गावात येणाऱ्या करमणुकीच्या फिरत्या खेळांना घेऊन जात. विदूषक पडतो कसा, उठतो कसा आणि लोक नेमके कुठे हसतात, हे ल्युसिलने तिथे पाहून घेतलं. बाप नसलेल्या त्या मुलांना ते घर म्हणजे सर्वस्व होतं.

१९२७ च्या जुलैत ते घर गेलं. कसं गेलं हे सांगायला हवं. आजोबांनी नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून एक छोटी बंदूक दिली होती. परसात पत्र्याचा डबा ठेवून आजोबांच्या देखरेखीखाली मुलांचा नेम धरण्याचा खेळ चालला होता. घरी आलेल्या एका मुलीने चाप ओढला आणि त्याच क्षणी शेजारचा लहान मुलगा मध्ये धावत आला. तो जन्माचा पंगू झाला. कोर्टकचेरी झाली, आजोबा खटला हरले. घर विकलं गेलं, आयुष्याची पुंजी गेली आणि कुटुंब विखुरलं. शेजारच्या घराचं दुःख तर त्याहून मोठं. दोन घरं एका दुपारी बसली. ल्युसिल तेव्हा सोळाची होत होती. मला बँकेच्या नोकरीत जप्तीची प्रकरणं पाहावी लागली आहेत. घर लिलावात जाताना त्या घरातली मुलं एका कोपऱ्यात उभी असतात, ती पुढे पैशाकडे कोणत्या नजरेने पाहतात हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

त्याआधीच पंधराव्या वर्षी ल्युसिल न्यूयॉर्कला नाट्यशाळेत जाऊन आली होती. तिथली हुशार विद्यार्थिनी होती बेटी डेव्हिस, पुढची थोर अभिनेत्री. ल्युसिल मात्र इतकी बुजरी की शाळेने आईला कळवलं, मुलीच्या शिक्षणावर पैसा घालवू नका, हिच्याच्याने व्हायचं नाही. ती परत आली, पण घरी बसली नाही. पुन्हा न्यूयॉर्क गाठून कपड्यांच्या एका नामांकित दुकानात मॉडेल म्हणून उभी राहू लागली. मग सांधेदुखीचा असा आजार जडला की अंथरूण धरावं लागलं, चालायला नव्याने शिकावं लागलं. त्यातून उठली आणि पुन्हा कामाला लागली.

१९३३ मध्ये एका चित्रपटासाठी समूहात उभं राहणाऱ्या मुलींपैकी एक म्हणून ती हॉलिवूडला गेली. पुढची सतरा-अठरा वर्षं ती तिथेच घासत राहिली. लहान भूमिका, मग थोड्या मोठ्या, मग दुय्यम चित्रपटांची नायिका. आरकेओ नावाच्या स्टुडिओत कराराने काम करणाऱ्या अनेक मुलींपैकी ती एक. १९४२ मध्ये ती एमजीएमकडे गेली आणि तिथे तिचे केस लालभडक रंगवले गेले. ते केस पुढे तिची ओळख झाले, पण ज्या मालिकेने ती घराघरात पोचली ती कृष्णधवल! एक गोष्ट मात्र तिने लवकर केली. हाती चार पैसे येऊ लागताच आई, भाऊ आणि आजोबा यांना आपल्याजवळ बोलावून घेतलं. मोडलेलं घर तिने भाड्याच्या जागेत पुन्हा मांडलं.

१९४० मध्ये 'टू मेनी गर्ल्स' या चित्रपटाच्या वेळी तिला देसी आर्नाझ भेटला. क्यूबाचा देखणा तरुण, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तो सान्तियागो शहराच्या महापौराचा मुलगा. १९३३ च्या क्रांतीत घरदार, इस्टेट सगळं गेलं आणि हे कुटुंब अमेरिकेत निर्वासित म्हणून आलं. मिळेल ते काम करत करत देसी वाद्यवृंदाचा प्रमुख झाला होता. म्हणजे बघा, घर गमावलेली दोन माणसं एकत्र आली. ३० नोव्हेंबर १९४० ला त्यांनी लग्न केलं आणि लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला मळ्यातलं घर घेतलं. दोघांच्या नावांतले तुकडे जोडून घराचं नाव ठेवलं, देसीलू.

पण घर घेऊन संसार होत नाही. देसी वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरायचा, रात्री काम करायचा. ल्युसिल पहाटे उठून स्टुडिओत जायची. ती निघाली की हा घरी यायचा. त्यात देसीला बायका आणि दारू या दोन्हींचा नाद. १९४४ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला, मग समेट झाला. मूल हवं होतं, तिथेही पुन्हा पुन्हा निराशा आली. हा संसार टिकायचा तर दोघांचं काम एका गावात आणि एका छपराखाली हवं, हे तिने ओळखलं.

१९४८ पासून सीबीएस कंपनीसाठी ती रेडिओवर 'माय फेव्हरेट हजबंड' नावाची कौटुंबिक विनोदी मालिका करत होती. ती गाजली, तेव्हा कंपनीने तीच गोष्ट टीव्हीवर आणायला सांगितलं. ल्युसिलने एकच अट घातली, नवऱ्याची भूमिका माझा नवराच करेल. कंपनी बिचकली. अस्सल अमेरिकन बाईचा नवरा क्यूबाचा, तोही परक्या ढंगाचं इंग्रजी बोलणारा, हे लोक कसं मानतील? लग्नाला दहा वर्षं होत आली होती आणि कंपनी विचारत होती की हे जोडपं खरं वाटेल का! मग १९५० मध्ये या दोघांनी स्वतःचा कार्यक्रम बसवून गावोगाव दौरा केला आणि लोकांना ते आवडतात हे दाखवून दिलं. कंपनी तयार झाली. त्याच सुमारास ल्युसिलला दिवस गेले. १७ जुलै १९५१ ला मुलगी ल्युसी जन्मली, आणि तीनच आठवड्यांनी ल्युसिलने चाळिशी गाठली. १५ ऑक्टोबर १९५१ ला मालिका सुरू झाली. नटीची कारकीर्द चाळिशीला संपते असं मानण्याच्या काळात हिची तिथून सुरू झाली.

आता मी थोडा माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे पैशाकडे. आमच्या मित्रमंडळात कलावंतांचं कौतुक निघालं की मी विचारतो, करार काय होता? ल्युसिलच्या गोष्टीत खरी मेख इथेच आहे.

त्या वेळी अमेरिकेतले बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. दुसऱ्या किनाऱ्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्याची नक्कल काढत. ती नक्कल अंधूक असे. जाहिरातदार होती सिगारेटची मोठी कंपनी. तिचं गिऱ्हाईक पूर्वेकडे जास्त, तिथे अंधूक चित्र तिला चालणार नव्हतं. म्हणून तिने आग्रह धरला की मालिका न्यूयॉर्कहून करा. ल्युसिल आणि देसी लॉस एंजेलिस सोडायला तयार नव्हते, कारण सगळा खटाटोप तर घरी राहण्यासाठीच होता. मग देसीने तोडगा काढला. मालिका सिनेमाच्या फिल्मवर चित्रित करायची, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांना सारखं स्वच्छ चित्र. पण खर्च वाढणार. तो कोण सोसणार? या दोघांनी सांगितलं, आमच्या मानधनातून आठवड्याला एक हजार डॉलर कापा. बदल्यात या फिल्मची मालकी आमच्या कंपनीकडे राहील. कंपनीचं नाव अर्थातच देसीलू.

समोरच्यांनी आनंदाने मान्य केलं. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाची किंमत त्या काळी रद्दीइतकीच समजली जाई. दाखवलेलं पुन्हा कोण पाहणार? पण उत्तर लवकरच मिळालं. ल्युसिल दुसऱ्या बाळंतपणात असताना जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते तितक्याच आवडीने पाहिले. आज जगभर मालिका पुन्हा पुन्हा दाखवतात, त्याची वहिवाट इथून पडली. पगार कमी घ्या पण मालकी सोडू नका, हा धडा त्या दोघांनी जगाला दिला. पगार हे दरमहाचं व्याज आहे. मालकी हे मुद्दल आहे.

चित्रीकरणाची पद्धतही त्यांनी नवी बसवली. खरे प्रेक्षक समोर हवेत, कारण ल्युसिलला हशा ऐकू आल्याशिवाय खेळता येत नसे. म्हणून एका वेळी तीन कॅमेरे चालवायचे, नाटकासारखा प्रवेश सलग करायचा आणि प्रेक्षकांना दिसेल असा सेट लावायचा. प्रकाशयोजनेसाठी कार्ल फ्रॉइंड हा बुजुर्ग छायाचित्रकार आणला. जर्मनीतला 'मेट्रोपोलिस' हा गाजलेला मूकपट टिपणाऱ्यांपैकी तो एक. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा प्रकाश त्याने बसवून दिला. प्रेक्षकांसमोर होणाऱ्या विनोदी मालिका आजही बऱ्याचशा याच पद्धतीने होतात.

आणि तिचा विनोद? पडद्यावरची ल्युसी धांदरट. नवऱ्याच्या कार्यक्रमात नाचायचं म्हणून हट्ट धरणारी, खोटं बोलून अडकणारी, अडकल्यावर भोकाड पसरणारी. एका भागात ती टॉनिकची जाहिरात करायला जाते. चमचा चमचा चाखत तालीम करते. बाटलीत २३ टक्के मद्यार्क आहे हे तिला ठाऊक नसतं. जीभ हळूहळू जड होत जाते आणि त्या टॉनिकचं लांबलचक नाव तिच्या तोंडात विरघळत जातं. दुसऱ्या एका भागात ती आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कागद गुंडाळायच्या कामाला लागतात. पट्टा वेगाने धावू लागतो, हात पुरत नाहीत, मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, पोलक्यात! मंडळी, घरातल्या लहानांना बसवून हा भाग जरूर दाखवा, भाषेची अडचण येणार नाही. इटलीतल्या भागात द्राक्षांच्या हौदात तिची दुसऱ्या बाईशी जी झोंबाझोंबी होते, त्यात आपला जीव खरोखर गुदमरला होता असं ती पुढे सांगायची.

पण प्रत्यक्षात ल्युसिल गंभीर स्वभावाची होती. विनोद आपल्याला सुचत नाही, लेखकांनी लिहिलेला आपण करतो, हे ती मोकळेपणाने कबूल करायची आणि श्रेय लेखकांना द्यायची. जेस ओपनहाइमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल हे तिचे मूळ लेखक. तालमीत ती एकेक वस्तू हाताळून पाहायची, ती हाताला सरावेपर्यंत सोडायची नाही. आठवडाभर घोटून घोटून बसवलेला गोंधळ प्रेक्षकांना आत्ताच झाला असं वाटायचं. दुसऱ्यांकडूनही ती तेवढंच मागायची, त्यामुळे तिच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं.

शेजारी झालेल्या दोघांचीही गोष्ट ऐका. एथेल झालेली व्हिव्हियन व्हान्स आणि फ्रेड झालेला विल्यम फ्रॉली यांच्या वयात बावीस वर्षांचं अंतर. एवढा म्हातारा आपला नवरा कसा शोभेल, असं तिचं म्हणणं, आणि ते त्याच्या कानावर गेलेलं. मालिका संपेपर्यंत दोघांचं पटलं नाही. फ्रॉलीच्या पिण्याबद्दल हॉलिवूडभर बोलबाला होता. पिऊन काम बुडवलंस तर घरी, असं देसीने आधीच बजावलं होतं. गड्याने काम बुडवलं नाही. पडद्यावर मात्र हे चौघे म्हणजे आदर्श शेजार! न पटणाऱ्या माणसांनाही एका इमारतीत नीट राहता येतं, एवढं आपल्या वार्षिक सभेसाठी यातून घेता येईल.

१९५२ मध्ये ल्युसिल पुन्हा गरोदर राहिली. तोवर टीव्हीवर गरोदर बाई दाखवत नसत. पलंगसुद्धा दोन वेगळे दाखवत. जाहिरातदार म्हणाला, लपवा. देसी अडून बसला आणि मालिकेतल्या ल्युसीलाही दिवस गेले. गरोदर हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरलं, आणि प्रत्येक संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू धर्मगुरू अशा तिघांना दाखवली गेली. तिघांनाही आक्षेपार्ह काही सापडलं नाही. १९ जानेवारी १९५३ ला सकाळी ल्युसिलला खरा मुलगा झाला आणि त्याच रात्री मालिकेतल्या ल्युसीलाही मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ती पाहणारे त्याहून खूपच कमी होते.

त्याच वर्षी सगळं मातीला मिळायची वेळ आली. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट शोधून काढण्याचं सत्र चालू होतं. नुसत्या संशयावर नटांची, लेखकांची आयुष्यं उद्ध्वस्त होत होती. १९३६ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना ल्युसिलने कम्युनिस्ट पक्षाची नोंद केली होती, हे सप्टेंबर १९५३ मध्ये बाहेर फुटलं. तिने चौकशीत सांगितलं की म्हातारे आजोबा हट्ट धरून बसले होते, त्यांचं मन राखायला ते केलं. हेच ते सेलोरॉनचे आजोबा. १९४४ मध्ये ते वारले होते. आता त्यांच्यावर सगळं ढकलून त्यांना चार वाईट शब्द बोलणं सोपं होतं. तिने तसं केलं नाही, जे घडलं ते सांगितलं. त्या आठवड्याच्या चित्रीकरणाआधी देसी प्रेक्षकांसमोर आला आणि म्हणाला की हिच्यात लाल असे फक्त केस आहेत आणि तेही खरे नाहीत. लोक उठून उभे राहिले. प्रकरण तिथे मिटलं. इतर अनेकांच्या वाट्याला एवढं नशीब आलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

मालिकेचे अर्ध्या तासाचे १८० भाग झाले आणि १९५७ मध्ये ते थांबले. याच सुमारास त्यांनी जुन्या भागांचे हक्क सीबीएसला विकले आणि त्या वर्षाच्या अखेरीस आरकेओचा स्टुडिओ विकत घेतला. किंमत ६१ लाख ५० हजार डॉलर. ज्या आवारात ती कराराची पगारी मुलगी होती, त्या आवाराची ती मालकीण झाली! 'गॉन विथ द विंड'चं चित्रीकरण जिथे झालं ती जागाही या व्यवहारात आली. हक्क विकायला नको होते, त्या भागांनी पुढे कितीतरी पट कमाई केली, असा हिशेब आज मांडता येतो. पण त्या दिवशी हातात स्टुडिओ हवा होता आणि त्यासाठी भांडवल लागत होतं. मागाहून पाहणाऱ्याला सगळेच आकडे स्पष्ट दिसतात.

स्टुडिओ आला आणि घर गेलं. ज्यासाठी हा डाव मांडला, तीच गोष्ट हातची निसटली. कामाचा डोंगर वाढला तसं देसीचं पिणं वाढलं, बाहेरचे नाद वाढले, घरात भांडणं वाढली. २ मार्च १९६० ला, देसीच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, दोघांनी ल्युसी आणि रिकीचा शेवटचा भाग चित्रित केला. शेवटी नवरा-बायको एकमेकांना जवळ घेतात असा प्रसंग होता, तो त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी ल्युसिलने घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. एप्रिलच्या पहिल्या तारखेला तो भाग घरोघरी दिसला, तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आतून काय झालं आहे. जे घर तगवण्यासाठी एक खोटं घर उभं केलं, त्यातलं खोटं घर अजून जसंच्या तसं आहे.

पुढच्या वर्षी तिने गॅरी मॉर्टन या विनोदी कलाकाराशी लग्न केलं. तो संसार शेवटपर्यंत टिकला. १९६२ मध्ये तिने देसीचा हिस्सा विकत घेतला आणि देसीलूची अध्यक्ष झाली. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओचा कारभार हाती घेणारी ती पहिली बाई म्हणून ओळखली जाते. कंपनीचे शेअर बाजारात होते, त्यामुळे संचालक मंडळ, ताळेबंद, भागधारकांच्या सभा, सगळं आलं. दिवसा 'द ल्युसी शो' मध्ये तोंडावर पाणी उडवून घ्यायचं आणि मग तेच तोंड पुसून खर्चाच्या कागदांवर सह्या करायच्या. १९६६ मध्ये दोन नव्या मालिका समोर आल्या. फार खर्चिक आहेत, कंपनी बुडेल, असं मंडळाचं मत पडलं. ल्युसिलने ते बाजूला सारलं आणि दोन्ही करायला लावल्या. एक होती 'मिशन इम्पॉसिबल' आणि दुसरी 'स्टार ट्रेक'. आज आपली नातवंडं त्यांचे चित्रपट पाहतात. त्या नावांमागे ही लाल केसांची आजी उभी होती हे त्यांना सांगा.

मंडळाची भीतीही अगदीच पोकळ नव्हती, पैशाची ओढाताण होतच होती. १९६७ मध्ये तिने देसीलू १ कोटी ७० लाख डॉलरना विकली. मग १९७४ पर्यंत 'हियर्स ल्युसी' ही मालिका केली, त्यात तिची दोन्ही मुलं पडद्यावरही तिचीच मुलं झाली. मुलांना जवळ ठेवायचा तिला ठाऊक असलेला उपाय एकच होता, त्यांना सेटवर घेऊन यायचं.

१९८५ मध्ये तिने 'स्टोन पिलो' नावाच्या दूरचित्रपटात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका बेघर म्हातारीचं काम केलं. ना मेकअप, ना विनोद. पंचाहत्तरीला आलेली, पैसा-कीर्ती सगळं असलेली बाई ही भूमिका का निवडते? मला सेलोरॉनचं परसदार आठवतं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विनोदी मालिका केली, पण आठ भाग दाखवून ती बंद पडली. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं डोक्यावर घेतलं त्यांनी पाठ फिरवली, हे तिच्या जिव्हारी लागलं.

त्याच हिवाळ्यात देसी कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. दोघांची दुसरी लग्नं झालेली, पण मैत्री टिकलेली होती. ३० नोव्हेंबर १९८६ ला दोघे फोनवर बोलले. त्यांच्या पहिल्या लग्नाला त्या दिवशी ४६ वर्षं झाली होती. दोनच दिवसांनी देसी गेला. पाच दिवसांनी वॉशिंग्टनला देशाच्या मोठ्या सन्मानसोहळ्यात ल्युसिलचा गौरव झाला. तिथे देसीने आधी लिहून ठेवलेला संदेश वाचून दाखवला गेला, तेव्हा तिला अश्रू आवरले नाहीत.

मार्च १९८९ मध्ये ऑस्करच्या सोहळ्यात लोकांनी उभं राहून तिचं स्वागत केलं. एप्रिलमध्ये हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची मोठी शस्त्रक्रिया झाली. जरा बरं वाटत असतानाच २६ एप्रिलला ती गेली. वय ७७.

तिच्या अस्थी आधी लॉस एंजेलिसला ठेवल्या होत्या. २००२ मध्ये मुलांनी त्या जेम्सटाउनला आणून घरच्या माणसांशेजारी ठेवल्या. सेलोरॉनच्या लोकांनीही आपल्या लेकीचा पुतळा उभारला. २००९ मधला तो पुतळा इतका भेसूर निघाला की लहान मुलं घाबरायची आणि जगभर चेष्टा झाली. अखेर २०१६ मध्ये तिच्या जन्मदिवशी नवा, देखणा पुतळा बसवला. जुनाही फेकून दिला नाही, त्याच बागेत थोडा बाजूला ठेवला. आता लोक दोन्ही पाहायला येतात, आणि जुन्याशेजारी उभे राहून तोंड वेडंवाकडं करून फोटो काढतात. ल्युसी असती तर तिनेही तेच केलं असतं.